तब्येत झाली म्हणणारे

माझी मोठी बहीण कामिनी हिंगण्याच्या कंपनीत पॅकिंगले आहे. सकाळी सहाची कंपनीची बस, डब्यात दोन पोळ्या, अन् कोणी चार शब्द सुनावले तरी उलटून एक नाही. नवरा गेल्यापासून बारा वर्षं एकटीच पोरीले वाढवून राहिली. मी तिच्याच खालच्या खोलीत कपडे शिवते. ताई गप्प राहते, म्हणून तिच्या वाट्याचंही मीच बोलते.

तिची मयुरा सोळा वर्षांची. मागच्या दिवाळीत तिच्या कानात बायका बोलायले लागल्या. घरात कोणी नाही, अन् ही उत्तरं देऊन राहिली! लोक म्हणाले, नजर लागली, लग्न लावून द्या. सोळाव्या वर्षी लग्न! डोकं सरकलं माझं. ताईनं मात्र चुपचाप सुट्टी टाकली अन् पोरीले मनाच्या डॉक्टरकडे नेलं. रोजची एक गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत बायका चूप झाल्या.

पण त्या गोळीनं भूक भडकली. जेवून उठली का पुन्हा डब्यात हात. पाळी चुकली, वर्गात डोळे मिटायले लागले, सेहेचाळीस किलोची पोट्टी सात महिन्यांत एकसष्टवर गेली. अन् आमचं नागपूर! इथं कोणी जाड झालं का लोक कौतुकानं म्हणतात, ‘तब्येत झाली.’ दूधवाला म्हणे, शेजारची भीमाबाई म्हणे, “भल्ली तब्येत झाली वं पोरीची!” अरे, तोंडाले कुलूप लावा न बाप्पा!

डॉक्टर पडले कोकणातले. दर वेळी विचारत, “तब्येत कशी आहे?” ताई म्हणे, “तब्येत तर खूप झाली, साहेब.” ती बिचारी तक्रार करून राहिली होती! ते “छान, छान” म्हणत अन् तीच गोळी पुन्हा लिहून देत.

मग नात्यात एक लग्न निघालं. मयुराचा दिवाळीचा कुर्ता पेटीत पडून होता, अंगात जात नव्हता. ताईनं तो माझ्याकडे टाकला, म्हणाली, बघ काही वाढवता येते का. बाजू उसवायच्या म्हणून मी आधी खालची दुमड उसवली, तर आतून टपटप गोळ्या पडल्या. एकोणीस.

मी तशीच वर धावली. “मरायचं आहे का वं तुले? तुझी माय तिकडं उभी राहून राहून पाय सुजवून राहिली, अन् तू गोळ्या लपवते?”

मयुरानं वर पाहिलं. “पहिल्यांदा तूच म्हटलं होतं, मावशी. युनिफॉर्म उसवताना. हसून म्हटलं, तब्येत झाली वं तुझी.” मग हळूच म्हणाली, “त्या बायका परत आल्या. आता त्याही तेच म्हणतात. एकीचा आवाज तर तुझाच आहे.”

अन् दुनियेले शिव्या घालत होती मी सात महिने!

रात्री मी ताईले सगळं सांगितलं; दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीची बस सोडली अन् आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टर “तब्येत” म्हणाले मात्र, ताईनं त्या गोळ्या टेबलावर ओतल्या. तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. “आमच्याकडे तब्येत होणं म्हणजे जाड होणं, साहेब! सात महिने सांगून राहिली मी. पोरीले एकदा तरी वजनाच्या काट्यावर उभं केलं का तुम्ही?”

साहेबांचा चेहरा उतरला. “चुकलं माझं,” म्हणाले. वजन केलं, रक्त तपासायले लिहून दिलं. गोळी एकदम सोडायची नाही, हळूहळू दुसरी लावू, असं समजावलं. पहिल्यांदाच मयुराले समोर बसवून विचारलं, तुला काय काय होतं.

कुर्ता मी पुरा उसवून, बाजूंना नवं कापड जोडून नव्यानं शिवला. दोन्ही शिवणींत दोन-दोन इंच माया आत ठेवली, मग अंग वाढो का उतरो. संध्याकाळी ती घालून पाहायले आली. “कशी दिसते, मावशी?”

तो मेला शब्द जिभेवर आलाच होता. गिळला. “काखेत दाटते का सांग,” म्हटलं.

“नाही दाटत.” मग तिनं माझ्याच तांब्यातलं पाणी घेतलं, गोळी गिळली, अन् माझ्यासमोर आ करून जीभ उचलून दाखवली.

“बंद कर तोंड!” मी ओरडली. “मी काय पोलीस आहे? मले काहून दाखवून राहिली?”

“एक तरी बाई कानातून बाहेर निघाली पाहिजे न,” म्हणे.