त्या शनिवारी वही कोणी लिहिली?

मी क्वालिटीत आहे, चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. पार्ट गेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापात, बसला तर ओके, नाही बसला तर रिजेक्ट. अठरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे भूत, भास, करणी असलं काही कुणी सुरू केलं की चहाच्या निमित्ताने पहिला उठणारा माणूस मी. या पेजवरचे अनुभव वाचतानाही मनात म्हणायचो - लोकांना वेळ बराच आहे! आता स्वतःच लिहायला बसलोय... हसा खुशाल, पण पूर्ण वाचून हसा.

आम्ही मूळचे चिखलीचेच. वडील, म्हणजे अण्णा, लेथ मशीनवर टर्नर होते. त्यांना आयुष्यभर एकच नाद, रेल्वेचा. प्रवासाचा नाही हं, नुसत्या गाड्या बघण्याचा. रुळांपासून लांब एखादी बरी जागा धरायची आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ आणि इंजिनाचा नंबर वहीत लिहायचा. मी शाळेत असल्यापासून त्यांच्याबरोबर. आमची पद्धत ठरलेली - अण्णा नंबर मोठ्याने वाचणार, मी लिहिणार. कारण लिहायला मान खाली घातली की गाडी निसटते. दुसरा नियम, ऊन कायम पाठीशी. समोरून ऊन आलं की नंबर दिसत नाही. म्हणून सकाळी एका बाजूला बसायचं आणि दुपार कलली की कामशेतच्या रेल्वेपुलाखालून पलीकडच्या बाजूला जायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नावं, मग रस्ते. आता सोसायटीच्या गेटबाहेर गेले तर घर सापडत नाही. हात इतके थरथरतात की सही येत नाही. शुगर आहे, जेवणाआधी इन्सुलिन लागतं, ते मी किंवा माझी बायको वैशाली टोचते. स्वतःचं स्वतः त्यांना जमत नाही. इंजिनं मात्र सगळी लक्षात.

मध्यंतरी त्यांनी धोशा लावला - एकदा मुक्कामाला जायचं, कामशेतला. एका रविवारी मी वही घेऊन बसलो आणि बेत लिहून काढला. चिंचवडहून सकाळची लोणावळा लोकल. पुलाजवळच्या आंब्याखालची आमची जुनी जागा. दुपारी शकीलभाईंच्या खानावळीत जेवण, रात्री त्यांच्याच माडीवरची खोली, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या गॅलरीतून गाड्या. शकीलभाईंना कधी पाहिलं नव्हतं, रेल्वेवेड्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एकाने नंबर दिला होता. फोनवर मी विचारलं, कमोड आहे का, पथ्याचं मिळेल का. म्हणाले, "या की राव बिनधास्त. ज्वारीची भाकरी, पिठलं, अन् आजोबांना बिनसाखरेचा चहा." अण्णांनी तो बेत माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला. आणि मी तो तीनदा पुढे ढकलला. कधी ओव्हरटाइम, कधी कस्टमर व्हिजिट.

चौथ्या शनिवारी सकाळी मी कंपनीचा निळा शर्ट घालून बाहेर आलो, तर अण्णा टोपी घालून सोफ्यावर बसलेले. वहीची पिशवी मांडीवर.

"अण्णा, आज नाही जमणार. ऑडिट आहे."

"व्हय का... मंग कवा?"

"पुढच्या शनिवारी."

"मागल्या खेपंला बी असंच म्हनला व्हतास."

बस चुकत होती. मी खेकसलो, "रूळ काय पळून चाललेत का, अण्णा? बसा ना गप घरात!" पिशवी त्यांच्या मांडीवर तशीच. मी दार ओढलं आणि निघालो. माझं ते खेकसणं मला अजूनही रोज ऐकू येतं.

आमच्याकडे शॉप फ्लोअरला फोन नेता येत नाही, गेटवर जमा करायचा. साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत हातात घेतला तर वैशालीचे सतरा मिस्ड कॉल. नऊ वाजता ती भाजीला गेली होती. परत आली तर दार उघडं, अण्णा नाहीत. वही नाही, फ्रिजमधलं इन्सुलिनचं पेनही नाही. अण्णांचा फोन उशीखाली. तिने आख्खी चिखली पालथी घातली होती, पोलिसांत कळवलं होतं. फोनवर नुसती रडत होती.

उपाशी असतील तरी धोका, इन्सुलिन नीट गेलं नाही तरी धोका, आणि दोनदा टोचून घेतलं तर संपलंच. आणि रूळ... तो विचार मी करत नव्हतो, पण तो येत होता. वही नेली म्हणजे डोक्यात कामशेतच असणार, म्हणून एका मित्राची बाइक घेतली आणि त्याच दिशेने निघालो. तळेगावच्या रस्त्यावर कंटेनरला कंटेनर लागलेले. मी मातीतून गाडी घालत होतो, शिव्या देत होतो, मध्येच मोठ्याने "अण्णा, अण्णा" म्हणत होतो. लोक बघत होते, बघू देत. कधी देवाला हात न जोडणारा मी त्या दिवशी रस्त्यात दिसेल त्या देवळाला नवस बोललो.

एका ठिकाणी सगळंच ठप्प झालं तेव्हा शकीलभाईंना फोन लावला. दीड वाजला असेल. आशा काहीच नव्हती, अण्णा एकटे कामशेतला पोचणं शक्यच नव्हतं. पण दुसरं करण्यासारखं काय होतं?

"शकीलभाई, मी सुनील, चिखलीहून. खोलीसाठी मागे फोन केला होता..."

"हां साहेब, बोला. काय राहिलं का?"

"माझे वडील हरवलेत. तिकडे कुणी म्हातारे गृहस्थ..."

ते हसायला लागले. "काय राव, चेष्टा करताय गरिबाची? आत्ता तर दोघं जेवून गेलात! आजोबांना सुई तुम्हीच तर टोचली."

मी काय बोललो आठवत नाही. फोन खिशात टाकला आणि गाडी दामटली.

कामशेतला पोचेपर्यंत तीन वाजून गेले होते. खानावळीच्या दारात शकीलभाई उभे होते. मला बघून त्यांना जराही नवल वाटलं नाही. म्हणाले, "परत आलात होय? आजोबांना कुठं सोडलंत?"

"मी आत्ता येतोय, चाकणवरून. तुम्ही मला बघितलंय?"

त्यांचं हसू हळूहळू गेलं. माझ्या शर्टाकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं. "साहेब... तुम्हीच होता. हाच शर्ट. आजोबांना घास भरवत होता. मी आमच्या बायकोला म्हनलंसुद्धा, पोरगा असावा तर असा."

मी पुलाकडे पळत सुटलो. आमची जागा रिकामी. आंब्याखाली कुणी नाही, हाकांना ओ नाही. गाडी एक धडधडत गेली आणि मला तिच्याकडे बघवेना. मग लक्षात आलं की सूर्य माझ्या तोंडावर आहे. दुपार कलली होती. अण्णा या बाजूला बसतीलच कशाला?

पुलाखालून पलीकडे गेलो. अण्णा बाभळीच्या सावलीत, कुंपणाच्या बरंच अलीकडे, पंच्यावर बसलेले. ऊन पाठीशी. पाण्याची बाटली शेजारी, पायांत सॉक्स नीट चढवलेले. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

"आरं, काय झालं?" ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. "आत्ता तर हासत व्हतास."

गावातल्या डॉक्टरांनी शुगर बघितली. अगदी जागेवर.

आता वही. त्या दिवसाच्या पानावर तेवीस गाड्या होत्या. वेळ, दिशा, इंजिनाचा नंबर, सगळं सरळ ओळीत. अण्णांचा हात एक अक्षर काढू शकत नाही. आणि मी सातला मधून आडवी रेघ मारतो, कंपनीत रिपोर्टवर एक आणि सातची गल्लत होऊ नये म्हणून लागलेली सवय. त्या पानावर प्रत्येक सातला ती रेघ होती. अक्षर माझं होतं.

मला वाटलं, जुन्याच कुठल्या पानावरून कुणीतरी उतरवलं असेल. मग आमच्या ग्रुपवर बघितलं. त्याच सकाळी तळेगावला एकाने एका मालगाडीचा फोटो टाकला होता, तोच नंबर, वहीतल्या वेळेनंतर थोड्याच मिनिटांनी. वेळापत्रक आधी कळतं, पण आज कुठल्या गाडीला कुठलं इंजिन लागणार हे आधी कुणालाच कळत नाही. ते पान तिथे बसूनच लिहिलेलं होतं. आणि त्या वेळी मी कुठे होतो हे कंपनीच्या पंचिंगमध्ये आहे, ऑडिटरसमोर माझ्या सह्या आहेत.

वैशाली म्हणते, कुणीतरी भला माणूस भेटला असेल. असेल बाई. मला तेच हवंय. पण भल्या माणसाला माझा सात कुठून आला? मी हे मापात बसवायचा पुष्कळ प्रयत्न केला. बसत नाही. आणि रिजेक्टही करता येत नाही, कारण वडील घरी जिवंत आहेत.

तेव्हापासून कानाला खडा, शनिवारचा ओव्हरटाइम बंद. दर शनिवारी आम्ही कामशेतला जातो. अण्णांचं विसरणं आता फार वाढलंय, कधी कधी माझं नावही आठवत नाही. तो एक दिवस मात्र त्यांना पक्का आठवतो. मी भाकरी कुस्करून देतो, सुई टोचतो, अजिबात खेकसत नाही, ते सांगतील तो नंबर लिहितो. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहतात.

मागच्या शनिवारी म्हणाले, "तू बी चांगलाच हायेस. पन त्यो माझा ल्योक... त्यो न्हाई आला का आज?"

मी म्हटलं, "येईल, अण्णा." आणि पुढचा नंबर लिहायला वही उघडली.