भेज्याचा वाटा

राजमहंमद रोज सकाळी मटणाच्या दुकानाचं शटर वर करायचे आणि जुनी लोखंडी वजनं फडक्यानं पुसून ओळीनं मांडायचे. तोलायला इलेक्ट्रॉनिक काटा होता. वजनं नुसती बसून असत, निवृत्त मास्तरांसारखी.

निमगाव केतकीत रविवारी पाच-सहा घरं मिळून बोकड घेत. राजमहंमद सारखे वाटे लावायचे. त्यांचे दोस्त आबासाहेब वाट्यांकडं पाठ करून उभे राहत. राजमहंमद एका वाट्यावर बोट ठेवून विचारत, "ह्यो कुणाचा?" आबासाहेब न बघता नाव घेत. तक्रारीला जागाच नाही. फक्त भेजा ज्या वाट्यात असे, तिथं बोट आलं की राजमहंमद हळूच खोकत आणि आबासाहेब स्वतःचं नाव घेत.

बारामतीला इंग्रजीत एम.ए. करणारी पुतणी शगुफ्ता एकदा हे वाटप बघून भारावली. म्हणाली, चाचा, तुमच्यासाठी इंग्रजीत विशेषण आहे, ॲस्ट्रीयन. ॲस्ट्रीया ही ग्रीकांची न्यायदेवी. माणसांच्या लबाडीला विटून ती आभाळात निघून गेली. राजमहंमदांनी आभाळाकडं बघितलं आणि पटकन मान खाली घातली.

पुढच्या रविवारी त्यांनी खोकला गिळला. भेजा वाटेकऱ्यांतल्या म्हाताऱ्या सारजाबाईला गेला. तिला दात नव्हते, त्यामुळं ती आठवडाभर तृप्त होती. आबासाहेबांनी मात्र संध्याकाळी चहाला येणं बंद केलं. राजमहंमद सवयीनं दोन कप भरत आणि दोन्ही स्वतःच पीत. विशेषण अंगावर घेतल्यावर माणूस इतका एकटा पडतो, हे शगुफ्तानं सांगितलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना खरोखरची सर्दी झाली. पहिल्याच वाट्याला खोकला आला.

"माजा," पाठमोरे आबासाहेब खुलले.

दुसऱ्यालाही आला. आबासाहेब जरा थबकले. "ह्यो बी माजाच."

तिसऱ्याला तर उबळच आली. आबासाहेब गर्रकन वळले. "भाई, बोकडाला भेजं हायत तरी किती?"

आधी सारजाबाई हसली आणि तिच्यामागून बाकीचे. निवाडाही तिनंच दिला. दोघांनी पाठ करून उभं राहायचं, बोट ती ठेवणार. दोन म्हातारे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्या संध्याकाळी आबासाहेब आल्याचा काढा घेऊन आले.

पुढं कितीतरी रविवार असेच गेले. भेजा कधी कुणाला, कधी कुणाला. चहा मात्र चुकला नाही. एका रात्री राजमहंमद झोपेतच गेले. त्या संध्याकाळीही कप रिकामे करून आबासाहेब उठले, तेव्हा राजमहंमद म्हणाले होते, "आबा, दार वढून घ्या. मांजर शिरतंय."