अप्पांची मांडी

फिजिओथेरपी करणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. आपण पाय वाकवत असतो आणि दुखणं विसरायला पेशंट बोलत असतो. नांदेडच्या हाडांच्या दवाखान्यात माझी बारा वर्षं अशीच गेली. त्यातले बिजागरीच्या गुडघ्याचे किस्से मात्र मी जेवताना सांगत नाही.

हा गुडघा म्हणजे वर दांडा, खाली दांडा, मध्ये खीळ. साधा कृत्रिम गुडघा टिकला नाही, की हा बसवतात.

असा गुडघा बसवलेले देगलूरचे एक व्यापारी चालत आले. "सर, पाय माझ्या मागून येऊन राहिला," म्हणाले. आम्ही हसलो. एक्स-रे काढला, तर खीळ मधोमध तुटलेली. आणि हे जिना चढून आले होते! कसे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

किनवटच्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करणाऱ्या एका बाईंचा असाच गुडघा चालताना टक् वाजायचा. तो ऐकला की पोरी गप्प. पुढे बिजागरी निखळली आणि बाई महिनाभर आमच्याकडे पडून होत्या. भेटायला आलेल्या पोरी म्हणाल्या, "बाई, तुम्ही तिकडं न्हाईत, तरी टक् ऐकू येतंयच की." बाईंनी मला पायावर चादर ओढायला सांगितली.

आणि अहमदपूरचे अप्पा. लिंगायत, कापडाचे दुकानदार. त्यांच्यात मयताला मांडी घालून बसवतात आणि तसंच पुरतात. अप्पांचा गुडघा जेमतेम काटकोनापर्यंत वाकायचा. एकदा पूजेला हट्टाने मांडी घातली, तर बिजागरी निखळली. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा मांडी बंद. दर खेपेला त्यांचा एकच प्रश्न, "सर, शेवटी तरी बसता यील का? आडवं जायचं न्हाई मला." डोळे भरून यायचे त्यांचे. मी म्हणायचो, "मी येऊन बसवीन, अप्पा." बोलून गेलो खरा.

परवा सकाळी त्यांच्या मुलाचा, महेशचा फोन आला. "सर, अप्पा गेले. गुडघा वाकंना. जोर लावायला कुणाचा हात धजंना. तुम्ही शब्द दिलता."

मी तसाच निघालो. वाटेत गाडी पंक्चर झाली, पोचायला दुपार झाली. वाटभर मला लाज वाटत होती. अप्पांना आडवंच नेलं असणार.

दारातून पाहिलं, तर अप्पा भिंतीला टेकून बसलेले, कपाळी भस्म, दोन्ही पाय दुमडून पक्की मांडी. जीव भांड्यात पडला. "कुणी बसवलं रे?" मी विचारलं.

महेशने आधी माझ्याकडे, मग परसदाराकडे पाहिलं. तेवढ्यात परसातून त्याची बायको टॉवेल घेऊन आली.

"सर, तुम्ही आत्ताच मागं हात धुवाया गेलतात ना? मग इकडून कसे आलात?"