आधी खाट, मग कागद

मनमाडकडची गाडी सकाळी आमच्या शहरातल्या काचीगुडा स्टेशनात लागायची आणि दिगंबरराव फलाटावर हजर असायचे. पाहुण्यांसाठी नव्हे. त्या गाडीतून परभणी-नांदेडकडची आजारी माणसं उतरत, कुणी घोंगडीत गुंडाळलेलं, कुणाला दोघांनी धरलेलं. दिगंबरराव त्यांना टांग्यात घालून आमच्या मोठ्या दवाखान्यात पोचवत आणि मग अंबरपेठेतल्या घरी जाऊन, चार घास खाऊन कचेरी गाठत. सरकारी दवाखान्यांच्या खात्यात ते अधिकारी होते. फलाटावर जाण्याचा हुकूम त्यांना कुणी दिला नव्हता. ते मूळचे सेलूचे, एवढंच कारण.

मी बायकांच्या वॉर्डात नर्स होते. टांगा दिसला की मी म्हणायची, "आज कोणाची वरात आणलीत?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "सिस्टर, आधी खाट, मग कागद." नोंदणीच्या खिडकीतले हबीबमियाँ करवादत, "पूरा मराठवाडा यहींच सुलाते क्या, साब?" दिगंबरराव हसत, "हौ मियाँ, जगा नहीं तो मेरे घर कू भेजो." आणि खरंच, रोग्यांबरोबर आलेली माणसं त्यांच्या ओसरीवर पथारी टाकून असत. त्यांच्या बायकोचं पिठलं अर्ध्या परभणीनं खाल्लं असेल.

मग भाषेप्रमाणे आमच्या राज्याचे तीन तुकडे झाले. आमचं शहर तेलुगू मुलखात राहिलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या दिवशी दिगंबररावांनी वॉर्डात पेढे वाटले. "आपली माणसं आपल्या मुलखात गेली, सिस्टर. आता तिकडेच मोठा दवाखाना होईल."

"आणि होईपर्यंत?"

"त्याची सोय केलीय मी."

दवाखान्यांचा कारभार वाटण्याचा मसुदा त्यांनीच लिहिला होता. कोणता दवाखाना कोणाच्या हाताखाली, औषधं कुठून जायची, रोगी कुठे पाठवायचे, सगळं. त्यात एक कलम त्यांनी जिवापाड जपून घातलं होतं, की तिकडे मोठा दवाखाना उभा राहीपर्यंत तिकडचे रोगी इथेच घ्यावेत. बाकीचा मसुदा जसाच्या तसा मंजूर झाला. तेवढं कलम गाळलं गेलं. इकडचे साहेब म्हणत, तुमची माणसं तुम्ही सांभाळा, आणि तिकडचे साहेब पत्राला उत्तरच देत नसत. दिगंबररावांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे खुर्ची मिळे, चहा मिळे, ते कलम काही मिळेना.

गाडी मात्र पूर्वीसारखीच येत होती. राज्य बदललं म्हणून गावाकडच्या माणसाचा रस्ता थोडाच बदलतो? दिगंबरराव अजूनही फलाटावर जात, पण आता परत पाठवायला. दवाखान्याच्या दारातून हाकललं जाण्यापेक्षा स्टेशनवरूनच फिरलेलं बरं, असं ते म्हणत. ते म्हणताना माझ्याकडे बघत नसत.

सेलूचा मारुती आपल्या बायकोला, गंगाला, घेऊन आला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. तिच्या पोटात गाठ होती आणि वेदनेनं ती वाकून गेली होती. त्यांनी टांगा केला. हबीबमियाँनी मान खाली घातली. "हुकुम है साब. मैं क्या करूँ?" माझ्या वॉर्डात खाट रिकामी होती. मी डॉक्टरांपुढे हात जोडले, भांडले. त्यांनी नवा हुकूम पुढे सरकवला. त्यातली वाक्यं दिगंबररावांच्याच मसुद्यातली होती, फक्त ते एक कलम नव्हतं.

"मुंबईला न्या," दिगंबरराव कसंबसं म्हणाले.

मारुती म्हणाला, "मुंबईत आपलं कोन हाय जी? हितं तुमी तरी हाव."

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत त्यांनी दोघांना बसवून दिलं.

पुढे सुगीत मारुती ज्वारीचं गाठोडं घेऊन एकटाच फलाटावर उतरला. "गंगा गेली. पन तुमी गाडीत बशिवलं म्हनून घरला जाऊन जीव सोडला तिनं. लई उपकार झाले तुमचे," असं म्हणून त्यानं पाय धरले. ते गाठोडं घेऊन दिगंबरराव तसेच माझ्याकडे आले आणि स्टुलावर बसून लहान मुलासारखे रडले. "त्यानं शिव्या द्यायच्या होत्या, सिस्टर. उपकार कसले? हे कसं पचवू मी?" खरं सांगायचं तर मीही त्यांच्याबरोबर रडले.

त्यानंतर ते स्टेशनवर गेले नाहीत. सकाळी शिटी ऐकू आली की जोडे घालत आणि ओसरीवर बसून राहत, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं.

पेन्शनीत निघाल्यावर वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं. कळलं तशी मी टांगा घेऊन अंबरपेठेला गेले. "चला, माझ्या वॉर्डाशेजारीच खाट ठेवलीय तुमच्यासाठी," मी म्हटलं. त्यांचा सगळा जन्म याच शहरात गेलेला, त्यांना कोण अडवणार होतं? त्यांनी माझा हात धरला, पण उठेनात. वाटलं, थट्टा करताहेत. पण डोळ्यांत थट्टा नव्हती.

"आधी कागद बघा, सिस्टर. मी सेलूचा."

टांगा मी रिकामाच परत नेला.