एक ओवी होईपर्यंत पाय वर

"ऑस्टिओआर्थ्रायटिस," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि माझ्या उजव्या गुडघ्यावरचा हात काढून त्यांनी टॉवेलला पुसला. घरून निघताना मी गुडघ्याला चांगलं तेल चोपडलं होतं, त्याला मी तरी काय करणार!

एवढ्या लांब नावाचा आजार आपल्याला झालाय हे ऐकून मला घटकाभर बरंच वाटलं. गावात सगळे नुसतं 'वात' म्हणायचे. डॉक्टर हैदराबादला शिकलेले होते, घरी उर्दू बोलणारे, पण समजावून सांगायची त्यांना हौस होती. सांध्यात दोन हाडांच्या मध्ये एक मऊ गादी असते, तिला कार्टिलेज म्हणतात. ती झिजली की हाड हाडाला घासतं. माझ्या गुडघ्यात ती झिजायला लागली होती आणि मांडीचं हाड कमरेला जिथं जोडलेलं असतं तो खुब्याचा सांधा, म्हणजे हिप जॉइंट, पार आखडला होता.

"घबराने की बात नै, बाई," ते म्हणाले. "मगर जातं बंद. आणि जमिनीवर बसणं बिलकुल बंद."

जातं बंद, हे मी शांतपणे ऐकून घेतलं. जमिनीवर बसणं बंद म्हटल्यावर मात्र डोळ्यांना पदर लावला. शेजारी यजमान उभे होते, ते गोंधळून गेले. त्यांना वाटलं गुडघा दुखतोय.

गुडघा नव्हे, माझी शेवंता दुखत होती. एकुलती एक लेक. दसरा नुकताच झाला होता आणि फाल्गुनात तिचं लग्न ठरलेलं होतं. आमच्याकडे कन्यादानाला नवराबायको जोडीनं पाटावर बसतात आणि सगळे मंत्र होईपर्यंत उठत नाहीत. आईला बसता येत नसेल तर दुसरी जोडी बसते. आमच्या घरात ती जोडी ठरलेलीच होती, थोरले दीर आणि जाऊबाई.

हे लिहितेय ते गुडघा धरून बसलेल्या माझ्यासारख्या बायकांसाठी. माझे वडील शाळामास्तर होते म्हणून मला चार ओळी लिहिता येतात. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट आहे, तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आम्ही बदनापूरजवळच्या गावात एकत्र राहत होतो.

दुखणं सुरू झालं ते राजूरला. चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला गेलो, पायऱ्या चढताना काही नाही आणि उतरताना उजव्या गुडघ्यानं अशी कळ दिली की मी देवाकडं पाठ फिरवून, भिंतीला धरून, एकेक पायरी मागच्या मागं उतरले. लोकांना वाटलं काही नवस असेल. एका म्हातारीनं तर माझ्या पाया पडून घेतलं.

मग घरचे उपाय झाले. रुईची पानं शेकून बांधली, बिब्बा लावून घेतला. बिब्ब्यानं गुडघ्यावर असे फोड आले की सांधा दुखतोय हे मी चार दिवस विसरले. पण फोड बरे झाले आणि कळ होती तिथंच राहिली. पुढं खुब्यातही दुखायला लागलं. रात्री कूस बदलताना यजमानांना हाक मारावी लागायची आणि ते बिचारे झोपेत मला भलत्याच कुशीवर वळवायचे. शेवटी रेल्वेत बसून जालन्याच्या दवाखान्यात आलो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण म्हणाले की खरा इलाज मार्थाबाईंच्या हातात आहे.

मार्थाबाई दवाखान्यातल्या जुन्या नर्स. उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की व्हरांड्यातले पेशंट आपोआप रांगेत यायचे. एका विलायती डॉक्टरीणबाईंकडून त्या दोन विद्या शिकल्या होत्या. पहिली फिजिओथेरपी, म्हणजे शेक, चोळणं आणि ठरवून दिलेला व्यायाम यांनी अंगात ताकद आणणं. दुसरी ऑस्टिओपॅथी. यात नुसता दुखरा सांधा बघत नाहीत. माणूस उभा कसा राहतो, बसतो कसा, कमर कुठं झुकते ते बघतात आणि हातानं दाबून, ओढून, हलवून आखडलेले सांधे सैल करतात.

त्यांनी आधी माझ्या गुडघ्याकडं बघितलंच नाही. म्हणाल्या, "दळण दळून दाखव."

"इथं?"

"मंग काय गावाला येऊ तुह्या?"

त्यांनी जमिनीवर एक घमेलं पालथं घातलं. मी कण्हत कुथत खाली बसले. उजवा पाय मुडपला, डावा लांब सोडला आणि घमेल्याभोवती हात फिरवायला लागले. व्हरांड्यातल्या बायका दारात गोळा झाल्या. एकीनं तर विचारलं, काय दळून राह्यल्या बाई.

"रोज उजवाच पाय मुडपतीस?"

"उजव्या हाताला भिंत आहे ना. पाय पसरायचा कुठं?"

आमचं जातं कोपऱ्यात होतं. दोघी जावा समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालायचो. भिंत माझ्या उजवीकडं, जाऊबाईंच्या डावीकडं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी ज्या जागेवर बसवलं तिथंच मी बसत होते. थोरलीची जागा थोरलीची, धाकटीची धाकटीची, ती बदलायची असते हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मार्थाबाईंनी माझ्या कमरेवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, "बाई गं, तुही कंबर एका अंगाला कलली. सगळा भार उजव्या खुब्यावर चालला न् खुब्यातून गुडघ्यावर."

मी त्यांना लग्नाचं सांगितलं. पाटावर बसायचंय, एवढंच. त्या डॉक्टरांशी जाऊन बोलल्या. डॉक्टर येऊन म्हणाले की आत्ता खाली बसायचं नाही, पण पाय ताकदीचे झाले तर लग्नाच्या दिवशी एकदा बसायला त्यांची हरकत नाही. "बैठने का ठीक है," ते हसून म्हणाले, "उठने का सोचो."

मग दर बाजाराच्या दिवशी जालन्याची खेप सुरू झाली. मार्थाबाई मला कुशीवर निजवायच्या, एक हात खांद्यावर, एक कमरेवर आणि हळूहळू पिळ्यासारखं वळवायच्या. पहिल्यांदा आतून कट्ट झालं तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. "ओरडू नको, मोडलं न्हाई, सुटलं," त्या म्हणाल्या. उठून चालले तर पाय खरंच हलका वाटला. मी त्यांच्या हातांकडं बघतच राहिले.

पण अर्धं काम घरी होतं. मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स नावाचा मोठा स्नायू असतो, तो गुडघ्याला सांभाळतो. तो बळकट करायचा म्हणजे उताणं निजून, गुडघा न वाकवता पाय वर उचलायचा आणि धरून ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. आता तुम्हीच सांगा, दीर, सासरे, गडीमाणसं अशा भरल्या घरात एका लेकुरवाळ्या बाईनं पाय वर करून निजायचं कुठं?

शेवटी जागा सापडली ती जात्याच्या खोलीत. पहाटे तिथं पुरुष फिरकत नसत. एका बाजूला मी उताणी, दुसऱ्या बाजूला जाऊबाई एकट्या दळत बसलेल्या. माझ्या वाटचं दळण त्यांनी न बोलता आपल्या अंगावर घेतलं होतं. लग्नघरचं दळण, एकटीनं ओढायचं म्हणजे चेष्टा नव्हे.

आता जाऊबाईंचं सांगायला हवं. त्यांना सगळे मुलगे. लेकीची हौस त्यांनी शेवंतावर भागवली. तिची वेणी त्या घालायच्या, आजारपणात शेवंता त्यांच्याच कुशीत निजायची. मला बसता येत नाही हे कळल्यावर दीर ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "जमत नसंल तर आम्ही दोघं बसतो कन्यादानाला. त्यात काय एवढं?"  दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी माहेरची तांब्याची झारी बाहेर काढली आणि चिंच लावून लख्ख घासली. कन्यादानात आई आपल्या नवऱ्याच्या ओंजळीवर पाण्याची धार धरते, ती अशाच झारीनं. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, ही तयारीला लागली.

यजमान म्हणाले, खुर्ची मागवू. भटजी भडकले. "कन्यादान आहे, कचेरी नव्हे!"

मार्थाबाईंनी दहा आकडे मोजेपर्यंत पाय धरायला सांगितलं होतं. मी घाईघाईनं मोजायची. एक-दोन-तीन करत दहापर्यंत पोचायला मला डोळ्याचं पातं लवायचासुद्धा वेळ लागत नसे. तिसऱ्याच पहाटे जातं थांबलं.

"राधे, तुह्ये दहा फार जल्दी होऊन राह्यले."

"झाले की बराबर दहा."

"न्हाई. मी ओवी म्हणते. ओवी होईस्तोवर पाय खाली टेकवायचा न्हाई."

आणि त्यांनी जातं ओढत ओवी घातली. तिथल्या तिथं रचलेली:

*पहिली माझी ओवी गं, जाऊच्या पायाला,*
*सागाचा ओंडका, चालला आभाळाला.*

हसून माझा पाय खाली आला. "पुन्हा पहिल्यापासनं," जाऊबाई म्हणाल्या.

तेव्हापासून रोज हेच. ओवी घालण्यात त्यांचा हात गावात कुणी धरत नसे, आणि लांबवण्यातही. शेवटचा शब्द असा ओढायच्या, असा ओढायच्या की माझी मांडी थरथर कापायची, आणि त्यांचा श्वास संपायचा नाही. माझ्या मनात यायचं, ही मला दमवून सोडणार. मी कंटाळून नाद सोडला की झारी हिच्याच हातात.

पौषात मार्थाबाईंनी बसायचा सराव दिला. गोधड्यांची उंच चवड करायची, तिच्यावर मांडी घालून बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. जमलं की एक गोधडी कमी. चवड रचायचं काम जाऊबाईंनी घेतलं. एका पहाटे मला उठायला भलतंच जड गेलं. मला वाटलं दुखणं उलटलं. रडकुंडीला येऊन मार्थाबाईंकडं गेले.

त्यांनी गुडघा वाकवून बघितला, मांडी दाबली आणि भुवया वर केल्या. "दहापेक्षा जास्त धरून राह्यली का तू पाय?"

"एक ओवी."

"म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवली, शेवटचा शब्द जाऊबाई ओढतात तसा ओढून. मार्थाबाई खळखळून हसल्या. मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं. "म्हणून मांडी अशी घट्ट झाली. अन् दुखणं बिखणं उलटलं न्हाई. कुणीतरी दोन गोधड्या एकदम काढल्या असतील. तू आता त्याला तयार झालीस, हे त्या माणसाला कळलं."

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले. माझं दळण कोण दळतंय, ओवी कोण गातंय, गोधड्या कोण काढतंय. जी बाई मी बसले नाही तर बसणार होती, तीच मला बसवायला झटत होती. मला खूप रडू आलं आणि यजमानांना पुन्हा वाटलं की गुडघा दुखतोय.

घरी आल्यावर मी जाऊबाईंना गोधड्यांचं विचारलं. त्या सूप पाखडत होत्या, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "पोरीला तुह्या हातानं द्यायचं, मंग तुला बसाया नको?" आणि उठून झारी आणून माझ्यासमोर ठेवली. "हीच घे."

फाल्गुनात लग्न लागलं. मी पाटावर बसले, एकाही गोधडीशिवाय. गुडघा कुरकुरला, पण वाकला. यजमानांनी ओंजळ पुढं केली. शेवंता मान खाली घालून समोर. भटजी म्हणाले, धार धरा.

मी मागं वळून जाऊबाईंचा हात धरला आणि झारीवर ठेवला.

भटजी चुळबुळले. "असं नसतं, बाई. एकीनंच धरायची."

"पाटावर मी बसलेय ना?" मी म्हटलं. "मग झालं. हिच्या दोन आया आहेत."

भटजींनी दिरांकडं बघितलं. दीर उपरण्यानं डोळे पुसत होते, त्यांच्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती. मंत्र सुरू झाले. जाऊबाई माझ्या मागं वाकून उभ्या, त्यांचा हात माझ्या हातावर, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपटप माझ्या खांद्यावर. धार शेवटपर्यंत तुटली नाही.

सगळं आटोपलं, लोक उठले, तरी मी बसूनच होते. उठायचं सुचतच नव्हतं. तेव्हा जाऊबाई कानाशी आल्या. "ऊठ आता, राधे. ओवी संपली."

आणि मी उठले, हाताचा आधार न घेता.

बायांनो, बिब्बा लावू नका. दुखणं अंगावर काढू नका. जाणत्या डॉक्टरला दाखवा आणि व्यायाम सांगितला तर जागा शोधा, लाजू नका. झिजलेली गादी परत येत नाही, डॉक्टरांनी मला तसं खरं सांगितलं होतं. थंडीत गुडघा अजून बोलतो. पण मी चालते, राजूरच्या पायऱ्या तोंड पुढं करून उतरते. डॉक्टरसाहेबांची आणि मार्थाबाईंची आठवण रोज काढते.

लग्नानंतर मी मार्थाबाईंचा निरोप जाऊबाईंना सांगितला, की दळताना रोज एकाच अंगाला बसायचं नाही, जागा बदलत जायची. त्या म्हणाल्या, बरं झालं, माझा डावा गुडघा किती वर्षं झाली दुखतोय. मी कपाळावर हात मारला. एवढं दळण एकटीनं ओढलं आणि तोंडातून शब्द काढला नाही!

त्याच आठवड्यात त्यांना घेऊन जालन्याला गेले. आता पहाटे जात्याच्या खोलीत जाऊबाई उताण्या निजतात आणि जात्याला हात न लावता ओवी मी घालते. शेवटचा शब्द चांगला लांबवते.