फिलूमावशींच्या टेबलावरचं पुष्पचक्र

मी एकदा एका माणसाला फोनवरून मारलंय. धमकीबिमकी दिली नाही हो. चांगला जिवंत, वाटीभर पेज पिऊन खुर्चीत बसलेला माणूस, आणि मी त्याला दोन मिनिटांत संपवला. चहा घ्या, सावकाश ऐका. फक्त मध्येच हसू नका, कारण हे घडत होतं तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

मी मूळचा लातूरकडचा. बोईसरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर नमुने तपासायचे, निरीक्षण लिहायचं, निष्कर्ष काढायचा. पुराव्याशिवाय मी बोलत नाही, असा माझा स्वतःबद्दल समज होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

सालवडच्या पुढे, जिथे वस्ती विरळ होते, तिथे एका ख्रिस्ती घरात मला खोली मिळाली. घरात दोनच माणसं. फिलोमेना मावशी, म्हणजे फिलूमावशी, आणि त्यांचे यजमान आगुस्तीनकाका. काकांचं कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून ते खुर्चीतच. अंगाने काडी, बोलणं मोजकं, आणि डोळे सतत दाराकडे. जेवायला मी त्यांच्यातच असायचो. आईच्या हातचं आठवू नये इतकं प्रेमाने मावशी वाढायच्या.

त्यांना एक मुलगा. इनास. लागलेली नोकरी सोडून पुण्याला खाणावळ काढायला गेला म्हणून काका त्याला म्हणाले होते, या दारात परत पाय ठेवू नको. त्याने चार वर्षं ठेवला नव्हता. मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात त्याचा नंबर लिहून दिला होता.

"ह्यांचं काय बरंवाईट झालं तर यावर कर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कशाला करू नको. बाप विचारल, का केलास म्हणून."

तेवढी एकच जबाबदारी माझ्यावर. ती मी कशी पार पाडली, ते आता बघा.

नोव्हेंबर संपत आला होता. एका रविवारी संध्याकाळी कपडे वाळत घालून घरात आलो, तर जेवणाच्या टेबलावर जांभळं कापड. त्यावर हिरव्या पानांचं गोल चक्र, आणि चक्रात चार मेणबत्त्या. एकच पेटलेली. दिवे बंद. मावशी आणि काका दोन्ही बाजूंना डोळे मिटून बसलेले.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे हिरव्या पानाफुलांच्या गोल चक्राला काय म्हणतात? पुष्पचक्र. आणि ते कुणाला वाहतात? मी दाराशीच उभा राहिलो. खाडीकडून वारा येत होता आणि ती एकटी ज्योत आडवी होत होती.

दहा मिनिटांनी मावशींनी दिवा लावला. मी विचारलं, "मावशी, हे काय?"

"आगमनकाळ सुरू झाला ना रे."

"कुणाचं आगमन?"

"त्याचं," मावशी म्हणाल्या. "तो येनार हाय. कुठल्या घटकेला येल, कुनाला सांगता येत नाय. आपुन जागं ऱ्हायाचं."

आगमन. काळाचं. आमच्याकडे कुणी म्हणालं की याचा काळ आला, तर लोक लाकडांची सोय बघायला उठतात. आणि या घरात एक थकलेला म्हातारा खुर्चीत बसलेला.

हो, नाताळ मला माहीत होता. केक, चांदणी, लाल टोपी. मी विचारलंसुद्धा, नाताळची तयारी का? मावशी म्हणाल्या, "नाताळ लांब हाय. चांदणी एवढ्यात नाय लावायची. आधी हे." नाताळाच्या आधी चार आठवडे माणसं अंधारात गप्प बसतात, हे लातूरच्या कुठल्या शाळेत शिकवतात?

जेवायला बसलो. आम्ही तिघं आणि ताटं चार. चौथं भरलेलं, खुर्ची मोकळी.

"हे कुणाचं?"

मावशींनी काकांकडे चोरून बघितलं. "येनाऱ्याचं," त्या हळूच म्हणाल्या. काका मान खाली घालून जेवत राहिले.

दुसऱ्या रविवारी दोन मेणबत्त्या. तोवर रोज संध्याकाळी दहा मिनिटं दिवे घालवून बसणं चालूच होतं. त्याला ते चिंतन म्हणायचे. मलाही बोलवायचे, आणि भाडेकरूने नाही कसं म्हणायचं? मी एक डोळा उघडा ठेवून बसायचो. मावशी त्या वेळी बाहेरच्या दाराची कडी काढून ठेवायच्या. येणाऱ्याला ताटकळत ठेवू नये म्हणून.

त्या रविवारी अंधारात अचानक काकांचा हात माझ्या मनगटावर पडला. गार.

"गजा," ते कुजबुजले, "पावलं वाजली काय रे?"

मी कान दिला. बाहेर नुसता वारा आणि लांब कुठेतरी कारखान्याचा भोंगा.

"नाही काका."

"मला वाजली," ते म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी पांडेजींना सगळं सांगितलं. पांडेजी माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतात, उत्तर प्रदेशचे. त्यांनी ऐकलं, हातातली काचेची नळी जपून खाली ठेवली आणि म्हणाले, "भाई, ये लोग उसको न्योता दे रहे हैं."

"किसको?"

"और किसको? चार मोमबत्ती, चार हफ्ते. जिस दिन चारों जलीं, समझो हो गया." मग जरा विचार करून म्हणाले, "चौथी थाली किसकी है, ठीक से पूछा? घर में चौथा आदमी तो है ही नहीं. कहीं गिनती में तुम तो नहीं?"

त्या दिवसापासून मी कडी लावून झोपायला लागलो. माझ्या खोलीची.

तिसऱ्या रविवारी मात्र हद्द झाली. आतापर्यंतच्या मेणबत्त्या जांभळ्या, आज मावशींनी पेटवली ती गुलाबी. आणि चेहरा काय खुललेला. गोड शेवया केल्या होत्या.

"आज आनंदाचा रविवार," त्या म्हणाल्या. "आता जवळ आलं ना."

नवरा खुर्चीत खंगतोय, आणि बाई शेवया वाटतायत. माझी श्रद्धाच उडाली. इतकी माया करणारी बाई, आणि मनात हे? पण शेवया दोनदा घेतल्या. त्या झाल्याही तशाच होत्या.

मग आला चौथा रविवार. सकाळपासून मावशींचा फोन बंद. चर्चमध्ये ठरलं होतं म्हणे, आगमनकाळाचे रविवार बिनफोनचे पाळायचे. दुपारी बाराच्या सुमारास फादर आले. हातात एक छोटी पेटी. मावशींनी त्यांना काकांच्या खोलीत नेलं, आणि फादरांनी दार आतून लोटून घेतलं.

आता ख्रिस्ती घरात फादर आजारी माणसाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतात, याचा अर्थ मला सिनेमांतून पक्का ठाऊक होता. मी ओट्यापाशी उभा. आतून कुजबुज. मध्येच काकांचा हुंदका. मग बराच वेळ काहीच नाही.

दार उघडलं. फादर बाहेर आले, मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "त्यांची तयारी झाली. मन मोकळं केलं. आता तो केव्हाही आला तरी चिंता नाही."

मावशी म्हणाल्या, "बरं झालं. सातला वस्तीतली मानसं येनार हायत." आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

मी मागच्या अंगणात गेलो. नंबराचा कागद काढला. बापलेकांची शेवटची भेट आता माझ्या हातात होती, आणि हा फोन केला नाही तर जन्मभर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

"इनासभाऊ का? मी गजानन. तुमच्या घरी भाड्याने राहतो."

पलीकडून लगेच, "पप्पांचं काय?"

असं एकदम कसं सांगायचं? माणसाच्या मनाची तयारी करावी म्हणून मी लांबून सुरुवात केली.

"फादर येऊन गेले."

"कधी?"

"आत्ताच. बराच वेळ दार लावून आत होते. म्हणाले, त्यांची तयारी झाली, आता चिंता नाही."

"आणि मम्मी?"

"त्या शांत आहेत. रडत नाहीत. टेबलावर जांभळं कापड घातलंय, पुष्पचक्र ठेवलंय, मेणबत्त्या आहेत. संध्याकाळी सातला वस्तीतली तुमची माणसं यायची आहेत. तुम्ही निघा."

फोन बंद झाला. मी डोळे पुसले. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो, हे ध्यानात घ्या. लॅबच्या रिपोर्टात घातलं असतं तरी साहेबांनी लाल रेघ मारली नसती.

सात वाजले. शेजारपाजारची पाचसहा ख्रिस्ती मंडळी जमली. काकांना खुर्चीसकट टेबलापाशी आणलं. मी त्यांच्या अगदी मागे उभा राहिलो. म्हटलं, काही झालंच तर मध्ये पडू. हो, तसं मी ठरवलं होतं. मावशींनी कडी काढली, दिवे घालवले आणि चौथी मेणबत्ती पेटवली.

भिंतीवर आमच्या सावल्या छतापर्यंत गेलेल्या. काका कुजबुजले, "गजा. पावलं."

आणि या वेळी मलाही ऐकू आली.

आधी फाटक करकरलं. मग अंगणातल्या वाळूवर जड, सावकाश पावलं. पायरीवर थांबली. दार आपोआप आत ढकललं गेलं, वारा शिरला आणि चारांतल्या तीन मेणबत्त्या विझल्या.

उंबऱ्यावर एक आकृती उभी होती. दाराएवढी उंच. काळी. आणि तिच्या हातात भलामोठा गोल फास.

फास कुणाच्या हातात असतो, हे लहानपणापासून चित्रात बघितलेलं. रेडा तेवढा दिसत नव्हता, पण तो फाटकाला बांधला असेल. आकृतीने एक पाऊल आत टाकलं. तिचं तोंड सरळ माझ्याकडे होतं, आणि मला पांडेजींची ती गिनती आठवली.

मी मध्ये पडणार होतो, बरोबर? मी दोन्ही हातांनी काकांची खुर्ची धरली, ती दोन वीत पुढे सरकवली, आणि भरल्या घरात ओरडलो, "काका हे आहेत. मी फक्त भाडेकरू आहे."

खुर्ची सरकली तशी उरलेल्या मेणबत्तीचा उजेड काकांच्या तोंडावर पडला. काका डोळे किलकिले करून दाराकडे बघत होते. आकृतीने त्यांना पाहिलं, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने किंचाळली. हातातला फास खाली पडला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला.

फास कसला? पांढऱ्या फुलांचं पुष्पचक्र. खरंखुरं. वाटेत पालघरला थांबून घेतलेलं. त्यावर फीत होती, 'प्रिय पप्पांना, इनासकडून.'

बाप मेला म्हणून पुण्याहून रडत आलेला माणूस. समोर मेणबत्तीच्या उजेडात तोच बाप, डोळे उघडे, आणि खुर्चीसकट आपल्याकडे सरकत येतोय. भुताला भ्यायचा हक्क त्या घरात सगळ्यात जास्त त्याला होता.

मग काकांचा आवाज आला. चार वर्षांनी मुलाशी बोललेला पहिला शब्द.

"दार लाव. वारा येतो."

इनासने दार लावलं. तिथेच पाठ टेकून तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. काका म्हणाले, "मीच पाय ठेवू नको बोललो, आन मीच रोज पावलं ऐकत बसलो. ऊठ. जेवलास काय?"

"नाय."

"ताट वाढलेलं हाय. महिना झाला. तुझी आई येशूच्या नावावर खपवते. मला काय कळत नाय?"

मावशींनी दिवा लावला. डोळ्यांतून धारा, आणि हातात भाकरीचं टोपलं. मला भरून आलं. आणि त्याच क्षणी घरातले सगळे हळूहळू माझ्याकडे वळले.

मग सगळा उलगडा. तो म्हणजे येशू. आगमनकाळ म्हणजे त्याच्या येण्याची वाट बघण्याचे चार आठवडे. आजाऱ्याला चर्चला जाता येत नाही, म्हणून फादर नाताळाआधी त्याच्या पापांची कबुली ऐकायला, प्रसाद द्यायला घरी येतात. मी एकेक पुरावा सांगत गेलो तशी ती शेजारची मंडळी पोट धरून खाली बसत गेली. इनास तेवढा हसला नाही. त्याने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाला, "बरं झालं भाऊ, तुमी नीट नाय सांगितलंत. नुसता आजारी बोलला असता, तर मी उद्यावर ढकललं असतं."

ते पुष्पचक्र फेकू, असं मावशी म्हणाल्या, तर काकांनी ते मांडीवर घट्ट धरलं. "माझ्या नावाचं हाय. जित्यापनी कुनाला मिळतं?" फितीसकट ते दारावर लावलं, नाताळभर तिथेच होतं. येणारा जाणारा वाचायचा आणि आत डोकावून काका आहेत ना, बघून घ्यायचा.

दोन दिवसांनी फादरांनी मला बोलावलं. म्हणाले, "नाताळच्या नाटकात तुम्हाला गाब्रिएल करायचं ठरलंय. देवाचा निरोप घेऊन येणारा देवदूत. तुमच्यामुळे एक घर जुळलं, तेव्हा हा मान तुमचाच."

मी भारावलो. पंख बांधून बघितले, छान बसले. विचारलं, "फादर, माझे संवाद?"

फादर जरा घुटमळले. म्हणाले, "तुम्ही फक्त उभं राहायचं, गजानन. निरोप आम्ही पडद्यामागून दुसऱ्याकडून वदवून घेऊ."