दुसरं पाणी

आत्याला राग यायला कारण लागत नाही, असं गल्लीत सगळे म्हणत. साफ खोटं. कारण असायचं, आणि ते बहुधा समोरच्याच्या किटलीत असायचं.

चहाचं दुकान भावाचं, पण तीस वर्षं पानं निवडली ती आत्याच्या जिभेनं. गिऱ्हाइकाला पुडा देताना ती दम भरायची, "एकदाच पाणी ओतून पानं फेकणार असाल तर इकडे फिरकू नका. पहिला चहा थेंबन् थेंब गाळून घ्या, पानं भिजत ठेवू नका, झाकण जरा उघडं ठेवा. त्याच पानांवर दुसरं पाणी खळखळतं घाला आणि मिनिटभर जास्त थांबा. पान कसं आहे ते तेव्हा कळतं."

भाऊ गेल्यावर दुकान भाच्याकडे आलं. पानं आता तोच परस्पर आणायचा. त्यानं नव्या डब्यांवर छापलं, 'आत्याची पसंती'. आत्या वरवर करवादली, मनातून सुखावली.

त्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी फोडलेला डबा फळीवर ठेवला. "आत्या, दुसरं पाणी अगदी पुळकवणी लागतं हो."

"पानं भिजत ठेवली असतील! नाहीतर पाणी कोमट घातलं असेल. घसा कोरडा करून सांगतेय मी, पण तुमच्या डोक्यात शिरेल तर शपथ!"

चार लोकांसमोर. बाईंचा चेहरा उतरला, त्या डबा तिथंच ठेवून निघून गेल्या.

त्यांना तोंडघशी पाडायचं म्हणूनच आत्यानं मागच्या खोलीत तो चहा केला. पहिल्या पाण्याला फुलांचा वास खोलीभर पसरला. तिनं शेवटचा थेंब गाळला, दुसरं उकळतं पाणी ओतलं, घड्याळ लावलं, घोट घेतला. नुसतं गरम पाणी. नवी पानं घेऊन पुन्हा केलं. तेच. मग कोरडी पानं तळहातावर चोळली, तर तळहात तेलकट झाला. शिळ्या पानांना वरून वास चोपडला होता. आत्याचं डोकं फिरलं, आणि आपण कुणाला झापलं ते आठवून जास्तच फिरलं.

"हे काय आहे रे?" तिनं भाच्यासमोर तळहात धरला.

"पहिला कप झकास होतो ना? लोक एकदाच पाणी घालतात, आत्या."

"माझी माणसं दोनदा घालतात. मी शिकवलंय त्यांना."

"मग शिकवणं बंद कर," तो म्हणाला आणि फोनवर बोलायला लागला.

आवाज चढवून बोलला असता तर तिनं चार शिव्या हासडून सोडून दिलं असतं. हे तिला फार झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी बाईंच्या दारात गेली. "चूक माझी. तुमची जीभ बरोबर होती," एवढं म्हणाली, आत न बसता परतली. मग शेगडी थेट दुकानाच्या फळीवर मांडली. 'पसंती'चे डबे फोडले. पहिला वासाचा चहा सगळ्यांच्या देखत मोरीत ओतला, आणि दुसऱ्या पाण्याचे कप भरले.

"आधी हे प्या. मग घ्यायचा तर डबा घ्या."

एक तोंड वाकडं झालं, दुसरं झालं. दुपारपर्यंत एकही डबा खपला नाही.

भाचा दातओठ खात जवळ आला. "आत्या, बापाचं दुकान बुडवणार आहेस का?"

"डब्यावर नाव कुणाचं आहे?" आत्या म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकापुढे कप सरकवला.